कुरण राखणे : वऱ्हाडातील शरद आणि गवताचा इतिहास

वर्तमानपत्री मराठीत 'कुरण' हा शब्द आता बहुधा एकाच अर्थाने भेटतो. अमुक खाते, तमुक योजना, एखादे महामंडळ 'चरण्याचे कुरण' झाले, असे आपण वाचतो आणि ज्याला वाटेल त्याने यावे, हवे तेवढे ओरबाडावे अशी जागा डोळ्यांपुढे येते. शब्दाचा जुना व्यवहार मात्र नेमका उलटा होता. गावची गुरे चरत ती गायरानात. कुरण म्हणजे राखलेले गवत. ठरलेल्या काळात तेथे कोणीही गुरे घालायची नसत. कुरणासोबत येणारे स्वाभाविक क्रियापद 'राखणे' हे होते. ते मागे पडले आणि 'चरणे' तेवढे उरले. हा अर्थपालट केवळ भाषेचा खेळ नाही. त्यामागे गवताचा, म्हणजे गवतावर कोणाचा अधिकार आणि त्याच्या विश्रांतीची किंमत कोणी मोजायची याचा, दीडशे वर्षांचा इतिहास आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या आधारे त्या इतिहासाची एक रूपरेषा येथे मांडायची आहे.

आरंभ दूरच्या एका रूढीपासून करणे सोयीचे होईल. इंग्लंड-अमेरिकेत घरापुढील हिरवळीची निगा राखणारा गृहस्थ शरद ऋतूत दोन कामे करतो. पोकळ दातांच्या यंत्राने तो जमिनीला जागोजागी भोके पाडतो आणि मातीच्या लहान गुंडाळ्या वर काढतो. त्यानंतर उभ्या गवतावरच नवे बी फेकतो. उन्हाळाभर पावलांनी आणि यंत्रांनी माती दबलेली असते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी वरच्या वर वाहून जाते. भोकांमुळे हवा, पाणी आणि बी तिन्हींना आत वाट मिळते. शरदच का, याचेही कारण आहे. तिकडची राय, फेस्क्यू यांसारखी गवते थंड हवेची. उन्हाळ्याची ऊब मातीत अजून शिल्लक असते, वरची हवा निवलेली असते, तणांचा जोर ओसरलेला असतो. बी रुजायला याहून चांगला मुहूर्त नाही. पेरणीनंतर काही आठवडे हिरवळीवर फारसे पाऊल टाकायचे नाही, हा शेवटचा नियम.

एडविन बडिंग याने ग्लॉस्टरशायरमध्ये १८३० साली गवत कापण्याचे यंत्र सिद्ध केले, तेव्हापासून उमरावांच्या उद्यानातील हिरवळ हळूहळू मध्यमवर्गीय घरापुढे आली. भोके पाडणारे यंत्र त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रूढ झाले. यंत्रे बाजूला ठेवली तर या रूढीत तीनच गोष्टी उरतात : माती उघडणे, बी पोहोचवणे आणि विश्रांती देणे. गवत कोठलेही असो, ते टिकायचे तर या तीन गोष्टी कोणीतरी कराव्याच लागतात. प्रश्न असा की, जेथे हिरवळ नव्हती, कुरणे होती, तेथे त्या कोण करीत होते?

आपल्याकडची हिरवळ हा मुळातच वेगळा प्रकार आहे. बंगल्यापुढील हिरवळीसाठी हिंदुस्थानातील इंग्रजांना त्यांचे बियाणे उपयोगी पडेना; वैशाखाच्या उन्हापुढे ते टिकणारे नव्हते. त्यांनी हाताशी धरली ती हरळी. तिचे बी भरवशाचे नसते, पण कांडीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते. म्हणून ती पेरण्याऐवजी पावसाळ्यात टोचून लावीत, किंवा कांड्यांचे तुकडे शेणमातीत कालवून त्या काल्याने जमीन सारवून काढीत. जमीन सारवणे हे घरोघरच्या बायकांचे काम साहेबाच्या बागेत असे पोहोचले होते. उष्ण हंगामातले हे गवत थंडीत निपचित पडते. त्यामुळे शरदातील पेरणीला येथे अर्थ नव्हता. अर्थ होता तो मृगाला.

या हरळीची सांस्कृतिक कथा विलक्षण आहे. भाद्रपदात गणपतीच्या मस्तकावर एकवीस जुड्यांनी वाहिली जाणारी दूर्वा तीच, साहेबाच्या पायाखालची हिरवळ तीच, आणि वऱ्हाडच्या कुणब्याने पिढ्यान्‌पिढ्या शिव्या दिल्या तीही हीच. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा ही दोन तणे माजली की शेत हातचे गेले म्हणून समजावे. एरवी वखरावर भागवणारा वऱ्हाडी शेतकरी अवजड नांगर आणि अनेक बैलजोड्या जुंपून जमीन खोल फोडी ती मुख्यतः या दोघांच्या मुळ्या उपसून उन्हात वाळवण्यासाठी. एकाच झाडाला देवघरात, अंगणात आणि शेतात तीन वेगळी मोले मिळाली. गवताचे मोल गवतात नसते, ते कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या समोर उगवले यावर ठरते, हे येथे प्रथम लक्षात येते. शेगावच्या आनंदसागर उद्यानात या शतकाच्या आरंभी विस्तीर्ण हिरवळी फुलल्या तेव्हा आसपासच्या खारपाणपट्ट्यातील शेतकरी घरच्या मंडळींसह ती पाहायला येत. बांधावरची हरळी खुरप्याने काढून आलेली तीच माणसे त्या हिरवळीवर कौतुकाने बसत असतील, तर त्यात विसंगती नाही.

आता त्या तीन कामांकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याचे दोन स्वभाव आहेत. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातला पयनघाट : मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बालाघाट : बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार. खाली खोल काळी माती. वर खोलगट भागांत काळी, पण उतारांवर आणि माथ्यांवर हलकी, मुरमाड, बरड.

काळ्या मातीला माती उघडण्याचे काम कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, फाल्गुन-चैत्रापासून आकसू लागते आणि वैशाखात तिला हात हात खोल भेगा पडतात. वरचा पालापाचोळा, भुसभुशीत माती, गवताचे बी त्या भेगांत पडते. मृगाच्या पहिल्या सरींनी भेगा मिटतात आणि वरचे आत गेलेले असते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असे मृदाशास्त्रज्ञ म्हणतात ते याच अर्थाने. पश्चिमेकडचा गृहस्थ यंत्राने बोटभर खोल भोके पाडतो. येथे ऊन तेच काम कित्येक पटींनी करते.

बी पोहोचवण्याचे कामही गवत स्वतःच करते, आणि त्यातली सर्वांत चतुर ती कुसळी. आश्विन-कार्तिकात तिचे कुसळ पिकते. बियाच्या एका टोकाला अणकुचीदार, मागे वळलेल्या केसांचा काटा असतो, दुसऱ्या टोकाला लांब पीळदार शेपूट. हवेत ओल आली की पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो. दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या दवाने ते बी फिरत राहते आणि गिरमिटासारखे जमिनीत शिरते. मागे वळलेले केस त्याला परत येऊ देत नाहीत. हीच करामत धनगराच्या मेंढीच्या लोकरीत आणि वाटसरूच्या धोतरातही घडते. म्हणून कुसळी कोणाची आवडती नाही.

येथे इतिहासाची पहिली गाठ बसते. भेगा पडतात त्या काळ्या मातीत. आणि काळी माती गवताकडे राहिली नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग खुला झाला. बैलांच्या पाठीवरून माल नेणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांचा व्यवसाय यामुळे मोडत गेला. आल्फ्रेड लायल याने संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर याच १८७० सालचे. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने पडीक जमीन म्हणजे न मिळालेला महसूल. नांगर काळ्या जमिनीच्या कडेकडेपर्यंत गेला आणि गवत वर सरकले : बरडावर, उतारावर, जेथे माती फाटत नाही. गुरांच्या खुरांनी दबलेल्या अशा मुरमाड जमिनीत पाऊस मुरत नाही, कुसळीचे गिरमिटही चालत नाही. स्वतःला नांगरणारी जमीन कापसाने घेतली आणि ज्या गवताला मदतीची सर्वाधिक गरज, तेच निराधार झाले.

खामगावी आणि उमरडा या बैलांच्या नामांकित जाती याच वऱ्हाडातल्या. कापसाच्या गाड्या ओढायला आणि कपाशीचे डवरे चालवायला बैल हवाच होता. त्याचा चारा मात्र कापसानेच हिरावला. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरील १९९७ च्या ग्रंथात आणि नंतर मध्य भारतातील गुराढोरांवरील २००४ च्या ग्रंथात हा विरोधाभास तपशिलाने मांडला आहे. आर्थिक इतिहासात कापूस हा नायक असतो. गुरे आणि गुराखी पार्श्वभूमीला असतात. ती उतरंड उलटी करून पाहिली की निराळेच चित्र दिसते.

तिसरे काम राहिले : विश्रांती. भेगा उन्हाने पाडल्या, बी कुसळाने रोवले. विश्रांती मात्र निसर्ग देत नाही, माणसालाच द्यावी लागते. आणि कुरणाच्या बाबतीत हा प्रश्न फार बिकट आहे. शेडा, पवन्या, मारवेल ही दख्खनची चांगली चाऱ्याची गवते पावसाळ्यात वाढतात आणि भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर येतात. फुलोऱ्याच्या वेळी कापले तर चारा सर्वांत कसदार. बी पिकून गळेपर्यंत थांबले तर काडी कोरडी होते, तिच्यातील प्रथिने घटतात. पण पुढच्या वर्षीचे कुरण निश्चित होते. शरदातले ते पाचसहा आठवडे म्हणजे यंदाची गाय आणि पुढच्या वर्षाची गाय यांच्यातला निवाडा होय. बंगल्यापुढच्या हिरवळीवर महिनाभर पाऊल टाकले नाही म्हणून कोणी उपाशी राहत नाही. कुरण महिनाभर राखले तर कोणाची तरी शेळी उपाशी राहते.

सुज्ञ तोडगा जुनाच आहे. कुरणाचे भाग पाडायचे; दर वर्षी पाळीपाळीने एक भाग बी गळेपर्यंत सोडायचा, उरलेले आधी कापायचे. गवत जमिनीलगत ओरबाडायचे नाही, बुडखा ठेवायचा. पण पाळी लावायची तर कोणीतरी अधिकारी हवा आणि त्या अधिकाऱ्याचे म्हणणे लोकांना आपले वाटायला हवे.

इंग्रजी अमदानीने अधिकारी दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडच्या जंगलांचे 'अ', 'ब', 'क' असे वर्ग झाले. 'अ' मध्ये इमारती लाकूड आणि जळण, 'ब' मध्ये राखीव गवताचे 'रमणे' व बाभळीची 'बने', 'क' मध्ये चराई. 'रमणा' हा शब्द पेशवाईतील पुण्याचा इतिहास वाचणाऱ्याला निराळ्या संदर्भात ठाऊक असतो : पर्वतीच्या पायथ्याचे, ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचे आवार. कुंपण घातलेली, आत येण्यास मज्जाव असलेली जागा हा दोन्हींतला समान धागा. वऱ्हाडातील रमण्यात गवत खरोखरच राखले जाई. बी गळे, कुरण सुधारे. शास्त्र म्हणून त्यात खोट काढता येत नाही. पण राखलेले गवत सरकारच्या हिशेबात उत्पन्नाची बाब होती, आणि ज्यांची गुरे पूर्वी त्या माळावर हिंडत त्यांना आता चराईची फी भरावी लागे. १८७१ च्या कायद्याने गुरांच्या घुसखोरीला कोंडवाड्याची शिक्षा ठरली. चुकून आत शिरलेली म्हैस कोंडवाड्यात जाई आणि मालक दंड भरून ती सोडवून आणी. शंभर वर्षांनंतर दया पवारांनी आपल्या १९७४ च्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दामागे गावगाड्यातील अपमानाचा एवढा साठा आधीच तयार होता, हे विसरता येत नाही.

'राखणे' या क्रियापदाचा कर्ता येथे बदलला. पूर्वी गाव राखीत होते, असे म्हणताना गावाचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. देशमुख-पाटलांची कुरणे होती आणि त्यांत कोणाची गुरे शिरू शकत नव्हती हेही सर्वांना माहीत होते. तरीही राखण्याचा हेतू डोळ्यांसमोर होता. सरकार राखू लागल्यावर सामान्य माणसाच्या दृष्टीने राखलेले गवत म्हणजे आपल्याकडून काढून घेतलेले गवत ठरले, आणि रखवालदाराची पाठ वळताच त्यात गुरे घालणे हा चोरीपेक्षा हक्काचा भाग वाटू लागला. 'चरण्याचे कुरण' या वाक्प्रचाराची मुळे मला येथे दिसतात.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या व्यवस्थेची परीक्षा घेतली. दुसऱ्यात पाऊस जवळजवळ आलाच नाही. माणसांसाठी कामे काढता आली, धान्य रेल्वेने आणता आले, पण कडबा आणि गवत हे आकाराने मोठे, वाहतुकीला महाग. जंगले चराईला खुली केली, तरी पावसाविना त्यांत चरायला होते काय? गुरे मोठ्या प्रमाणावर मेली. काळी जमीन कापसाखाली, बरड उघडे, आणि ज्या वर्षी बी गळायला हवे त्याच वर्षी गवत उगवलेच नाही, अशी ती त्रिदोषी अवस्था होती.

मराठी साहित्यात गवत येते ते बहुतेक श्रावणाचे. बालकवींच्या 'श्रावणमासा'ने ते हिरवेपण आपल्या डोळ्यांत कायमचे भरले. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांच्या १९५४ च्या 'शीळ' मधील रानाची हवा अस्सल या मुलखातली आहे. दुर्गा भागवतांनी १९५६ च्या 'ऋतुचक्रा'त महिन्यामहिन्याच्या वनस्पतिजीवनाला जी सूक्ष्म नजर दिली, तिला तोड नाही. तरी कार्तिकातले पिवळे पडलेले, बी गाळणारे, टोचणारे गवत ही आपल्या काव्याची वस्तू फारशी झाली नाही. हिरवे गवत पाहणाऱ्याचे असते. पिकलेले गवत गुराख्याचे. साहित्याने पाहणाऱ्याची बाजू घेतली, हा आरोप नव्हे, पण नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाला आणखी एक धार आली. वऱ्हाडच्या महसुली बोलीत गावच्या चराईच्या सरकारी जमिनीला आजही 'ई-क्लास' म्हणतात; ज्यांना इंग्रजी मुळाक्षरे येत नाहीत अशी माणसेही हा शब्द सहज वापरतात. या जमिनीवर दुसरा, तितकाच न्याय्य हक्क सांगणारे पुढे आले ते भूमिहीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्या दलितांच्या नावे करण्याची मागणी केली. ज्याला काळ्या मातीचा तुकडा कधीच मिळाला नाही, त्याने बरडावर ज्वारी पेरली तर त्याला गवताचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभर नोटिसांनी खळबळ उडाली. त्या अतिक्रमणांत धनदांडग्यांचे धंदे होते तशीच पिढीजात भूमिहीनांची पोटापुरती शेतेही होती. गवत विरुद्ध माणूस असा हा वाद मांडला की दोन्ही बाजूंचे दुबळेच हरतात. गायरान गेले की पहिली अडचण होते ती स्वतःची जमीन नसलेल्या शेळीवाल्या बाईची.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांतील दोन प्रयत्न लक्षणीय वाटतात. सातपुड्याच्या कुशीतील अंबाबरवा अभयारण्य संग्रामपूर तालुक्यात येते आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मेळघाटातील गावांचे पुनर्वसन झाल्यावर मागे राहिलेल्या शेतजमिनींवर कुरणे उभी करण्याचे काम झाले. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातील गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांचे नाव त्याच्याशी जोडले गेले आहे. अशा कामाची रीत सांगायला सोपी, करायला कष्टाची : शरदात स्थानिक गवतांचे पिकलेले बी हाताने गोळा करायचे, जपून ठेवायचे, तणे उपटायची, पावसाच्या तोंडावर पेरायचे, आणि पहिली दोन-तीन वर्षे कुरणाला निवांत राहू द्यायचे. पश्चिमेकडच्या शरदातील पेरणीचे हे आपले रूप म्हणता येईल. तिकडे शरदात बी मातीत जाते, इकडे शरदात ते गोळा होते आणि मृगाची वाट पाहते. मात्र ही कुरणे गव्यासाठी आणि सांबरासाठी आहेत. तेथून उठून आलेल्या माणसांची गुरे त्यांत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरा प्रयत्न गावांचा. पानी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुका होता आणि त्यानंतरच्या समृद्ध गाव स्पर्धेत संरक्षित कुरण हा एक स्वतंत्र विषय होता. उतारावर समतल चर खणायचे म्हणजे बरड जमिनीला ती भेग माणसाने द्यायची, जी तिला स्वतःला पडत नाही. मग बी टोबायचे आणि गावाने मिळून चराईबंदी पाळायची. चर यंत्राने खणता येतात, बी विकत आणता येते. चराईबंदी मात्र ग्रामसभेतच ठरते आणि ती पाळली जाईल की नाही हे गावात कोणाचा शब्द कोणाला मान्य आहे यावर अवलंबून असते. शेळीवाल्यांना बंदीच्या काळात कापून नेण्यापुरता चारा राखून ठेवला तर ती टिकते. नुसताच दंड ठेवला तर 'रमण्या'ची कथा पुन्हा घडते.

दख्खनच्या गवताविषयी वनस्पतिशास्त्र आशा देणारे आहे. १९७३ मध्ये डबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातील गवताळ आवरणाचे जे वर्गीकरण केले, त्यात या पठाराचे मूळ गवत म्हणजे शेडा आणि मारवेल यांचा समाज. अतिचराईने तो ढासळतो : आधी कुसळी वरचढ होते, पुढे तीही जाऊन हलकी, वर्षायू गवते उरतात. राखले तर हीच शिडी उलट दिशेने चढता येते. म्हणजे मेंढपाळाच्या शिव्या खाणारी कुसळी ही उतरणीवरची आणि चढणीवरची अशी दोन्ही वेळची मधली पायरी आहे. माळावर नुसती कुसळी दिसली म्हणून, तेथे काही जात आहे की काही येत आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळत नाही. त्यासाठी तो माळ राखला जात आहे का, एवढे विचारावे लागते.

शब्दाचेही तसेच आहे. 'कुरण' या शब्दातून 'राखणे' गळून गेले ते राखणाऱ्यावरचा विश्वास गेल्यामुळे. शब्दकोशात ते परत घालून उपयोग नाही. शरदात बी गळेपर्यंत कोणी थांबायचे, त्याच्या गायीने तोवर काय खायचे, आणि हे कोणी ठरवायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या गावात एका बैठकीत दिली जातील, तेथे तो शब्द जुन्या अर्थाने पुन्हा बोलला जाईल.